दिवाणजींचा तुरा

दिवाणजी, झाडावर कुऱ्हाड चालवायची ठरली, की बरं शास्त्र सुचतं तुम्हाला!

पक्ष्यांची वस्ती असलेलं झाड तोडायचं नाही, असा राजाचा हुकूम होता. दिवाणांना मात्र हवेलीसमोरचा वड नको होता. भर दरबारात ते म्हणाले, "वडावर पक्षीच राहतात कशावरून? पंख वटवाघळालाही असतात, चोच कासवालाही, अंडी सापही घालतो. फक्त पक्ष्यालाच असतं असं काही दाखवा, नाहीतर उद्या वड आडवा!"

वैद्यांची सगुणा उठली. "पिसं, दिवाणजी. ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नसतात."

"मग दाखव वडावरचं एखादं!"

"तुमच्या पागोट्यात खोचलंय की."

"हे? हे परदेशातून मागवलंय!"

मागे उभा असलेला त्यांचा हुजऱ्या गोंधळला. "मालक, तुम्हीच म्हणालात ना, वडाखालचं लांबसं बघून आण?"