वेगांची बेरीज

“मग चूक कुणाची, गुरुजी?”

मुजावर गुरुजींच्या दारात येऊन वैजयंतानं आपल्या या जुन्या शिक्षकांना विचारलं.

वैजयंता गणितात विद्यापीठात पहिली आलेली. आता गावातल्याच मुलींच्या शाळेत शिकवायची. वर्गात चाळीस मुली. वेग, वेळ, अंतराच्या चाचणीत तेहेतीस नापास.

“फळ्यावर तीन ओळींत सोडवून दाखवते. यांना समीकरणच मांडता येत नाही. चालच मंद आहे पोरींची.”

गुरुजींनी काठी घेतली. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा उजवा पाय फरफटत असे.

“त्या कडुलिंबापर्यंत साठ पावलं आहेत. दोघं निघू. तू तुझ्या चालीनं जा.”

ती निघाली. झाडाशी पोचून वळून पाहिलं, तर गुरुजी विसाव्या पावलावर.

“गाठलं का मी तुला?”

“कसं गाठाल? तुमचं एक पाऊल पडेस्तोवर माझी तीन पडतात. दर पावलाला दोनानं मागं राहत होता.”

“बरं. आता माझ्याकडं ये. मीही चालतोच आहे. भेट कधी होईल?”

तिनं मनातल्या मनात मांडलं. “मधे चाळीस उरली. तुमचं एक, माझी तीन... दर वेळी चार कमी. तुमच्या दहाव्या पावलाला.”

दहाव्या पावलाला गुरुजी तिच्यासमोर उभे होते. धाप लागली होती.

“माणसं तीच, चाल तीच,” ते म्हणाले. “मघाशी वेगांची वजाबाकी केलीस. आता बेरीज कशी काय झाली?”

“मी...”

ती हळूच म्हणाली, “मी तुमच्याकडं वळले म्हणून.”

गुरुजी काठीवर रेलून राहिले...

वैजयंताला सातवीचं वर्ष आठवलं. आई गेली ते वर्ष. शेवटच्या बाकावर ती वही मिटून बसे. गुरुजी फळा सोडून येत, शेजारी जमिनीवर मांडी घालत आणि म्हणत, ‘तुला कळलंय तेवढंच सांग.’ रोज. वर्षभर.

ती वाकली. गुरुजींच्या धुळीनं भरलेल्या पायांवर तिनं डोकं टेकलं. डोळे भरून आले होते.

“तेव्हा सगळी वाट तुम्हीच चालून आलात, गुरुजी. मी तर जागची हललेसुद्धा नव्हते.”

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“हलली होतीस, पोरी. एवढंसंच. पण ते हिशेबात धरलं नाहीस, तर तुझ्या वर्गाचंही गणित चुकेल.”