चेअरमनसाहेबांची चौथी ग्रेड

चोर आला की वाजणारे अलार्म तपासून दाखला देणारे दिनानाथ उपळेकर स्वतःला हुशार समजत नसत, आणि त्यांना ओळखणाऱ्यांचंही तेच मत होतं. मागच्याच महिन्यात स्वतःच्या घरचा अलार्म बंद करायला ते विसरले, आणि शेजाऱ्यांनी चोर समजून त्यांनाच धरलं. ही गोष्ट तालुकाभर झाली होती.

असे हे उपळेकर चेअरमन रणनवऱ्यांच्या बंगल्यावर गेले. अलार्मला चार ग्रेड असतात. चोर जितका हुशार गृहीत धरायचा, तितकी ग्रेड वरची. चेअरमनसाहेबांना सर्वांत वरची, चौथीच हवी होती.

"व्याह्यांकडं तिसरी आहे," ते मिशीवर ताव देत म्हणाले. "मुकाट्यानं दाखल्यावर सही करा, नाहीतर या तालुक्यात पुन्हा काम मिळायचं नाही."

"आधी तपासतो, साहेब."

"शेजाऱ्यांनी चोर म्हणून धरलेला माणूस माझा अलार्म तपासणार? हा बंद करून दाखवा, मग बोला!" त्यांनी बटण दाबलं आणि भोंगा कोकलू लागला.

उपळेकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. पोर्चमध्ये चार गाड्या उभ्या होत्या आणि चारींच्या पाट्यांवर चेअरमनसाहेबांचा लाडका नंबर होता, ७०७०. उपळेकरांनी अलार्मच्या कीपॅडवर तोच दाबला. भोंगा गप्प झाला.

चेअरमनसाहेबांचा हात मिशीवरच राहिला.

"साहेब, ग्रेड चोराच्या हुशारीवरून ठरते," उपळेकर हात जोडून म्हणाले. "चौथीला अट्टल चोर लागतो. इथं तर मीसुद्धा पुरलो."