काजळीची डरकाळी

बोटींच्या डेकवर पांढरी चादर ताणून सिनेमे दाखवत, त्या काळची ही गोष्ट. काजळी नावाची किलर व्हेल एका संध्याकाळी पडद्याजवळच पाण्यातून डोकं काढून सिनेमा बघत होती. पडद्यावर अगदी तिच्यासारखीच व्हेल डरकाळ्या फोडत माणसांसकट होड्या गिळत होती.

"आजी, आपण अशा आहोत?" तिने घाबरून विचारलं.

शेजारी तरंगणारी आजी म्हणाली, "वेडे, तुला काटेरी मासा गिळवत नाही, होडी काय गिळणार!"

तेवढ्यात एका खलाशाचं काजळीकडे लक्ष गेलं. "अरे बापरे, खरीखुरी आली!" असं ओरडून त्याने भाला उगारला.

काजळीला वाटलं, आता सिनेमातल्यासारखी डरकाळी फोडली तरच आपण वाचू. तिने खोल श्वास घेतला, सगळा जोर लावला आणि लांबलचक शिट्टी वाजली.

मग बोटीवरचा स्वयंपाकी खो खो हसत सुटला. "अरे, ही तर पिटात बसून शिट्ट्या मारणारी प्रेक्षक निघाली!" असं म्हणून त्यानेही तोंडात बोटं घालून तशीच शिट्टी मारली.

खलाशाने ओशाळून भाला खाली ठेवला.

"ए बाई," तो म्हणाला, "आलीस ते आलीस, पण जरा खाली बस. मागच्यांना दिसत नाही!"

काजळी लाजून डोळ्यांपर्यंत पाण्यात बसली.