मिशीला दहापैकी दहा

“गुण घसरले!” प्रचंडसेन महाराज गरजले आणि अख्ख्या दरबाराने माझ्याकडे बघितलं.

बघणारच! मी जाहिरातखात्याची प्रमुख. त्या पदासाठी माझी लायकी एवढीच, की अख्ख्या राजवाड्यात मोबाईल चार्जिंगला लावणं मला एकटीला जमायचं. एरवी मी तांबट आळीतल्या धोंडू तांबटाची मुलगी, येसू. बाबांच्या हातोडीखाली तांबं वळायचं, माझ्या हातोडीखाली माझीच बोटं. म्हणून तर नोकरी धरली.

झालं होतं असं. आमच्या आळीतली तांब्यापितळेची भांडी महाराजांचं भांडार मोबाईलवरून विकायचं. कुणी शोधाच्या चौकटीत ‘समई’ लिहिलं, ‘घंगाळ’ लिहिलं, ‘अडकित्ता’ लिहिलं, की आमची जाहिरात समोर यायची. तिच्यावर टिचकी पडली की खजिन्यातून शोधकंपनीला एक नाणं जायचं. पण शब्द शेकडो आणि जाहिरात एकच! तिच्यात महाराजांचं चित्र, खाली सगळी बिरुदं आणि मिशी पार चौकटीबाहेर. समई शोधणारा माणूस मिशी बघून दचकायचा आणि पुढे जायचा. कोणत्या शब्दाखाली जाहिरात किती कामाची, ते बघून कंपनी दहापैकी गुण द्यायची. ती म्हणाली, ‘ही जाहिरात लोकांच्या कामाची नाही,’ की गुण कमी आणि टिचकीचा भाव जास्त.

“शब्दांची नव्याने मांडणी कर!” महाराज म्हणाले. “पण एकही शब्द गळता कामा नये. गुण आणखी घसरता कामा नयेत. आणि आमची जाहिरात जशीच्या तशी राहिली पाहिजे. मिशीसकट!”

“आणि नाही जमलं तर, सरकार?”

“तर दसऱ्याला भांडाराला कुलूप!”

कुलूप म्हणजे आळीतल्या भट्ट्या थंड. म्हातारपणी बाबांना पोटासाठी परमुलखात जावं लागलं असतं, तेही माझ्या अकलेवर विसंबल्यामुळे. मला रडूच कोसळलं. रडून झाल्यावर भूक लागली. माझं डोकं तसंही पोटावाटेच चालतं, म्हणून मी मुदपाकखान्यात गेले. तिथे पंगतीची तयारी चालली होती. ती बघता बघता मला एक युक्ती सुचली आणि मी चार लाडूही खाल्ले. खरं तर लाडू आधी.

दुसऱ्या दिवशी महाराजांच्या पंगतीत वाढायला मीच उभी राहिले. ठेच्याचा पहिलाच घास घेतला आणि महाराजांना ठसका लागला.

“पाणी!”

मी त्यांच्यासमोर त्यांचंच चित्र धरलं.

“अगं, पाणी आण!”

“खाली बिरुदं पण आहेत, सरकार. वाचून दाखवू?”

“निदान भाकरी तरी वाढ!”

मी तेच चित्र जरा जवळ धरलं. शेजारी दिवाणजींनी हळूच ताक मागितलं. त्यांनाही तेच चित्र!

“ही काय थट्टा आहे?” महाराजांचे डोळे लाल झाले होते. रागाने की ठेच्याने, ते कळत नव्हतं.

“थट्टा नाही, सरकार, आपली जाहिरात आहे! समई मागणाऱ्याला आपण हेच वाढतो. घंगाळ मागणाऱ्यालाही हेच. लोक उपाशी उठून जातात, मग गुण कोण देणार?”

एवढं बोलून मी पाण्याचा तांब्या पुढे केला. घाईत अर्धं पाणी दिवाणजींच्या पगडीवर गेलं.

महाराज घटाघटा पाणी प्यायले. “ठीक आहे. ज्याला जे हवं ते वाढ. पण आमच्या अटी कायम!”

मी कामाला लागले. पूजेच्या भांड्यांचे शब्द एकत्र बसवले, स्नानाच्या भांड्यांचे एकत्र, पानसुपारीचे वेगळे. आधी प्रत्येक पंगतीसाठी तिची तिची जाहिरात तयार केली, टिचकी मारल्यावर तेच भांडं समोर येईल अशी सोय केली आणि मगच शब्दांना जुन्या जागेवरून हलवलं, तेही थोडे थोडे. एक शब्द मात्र जुन्या जाहिरातीखाली सुखाने जेवत होता. त्याला मी हातच लावला नाही. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये. शिवाय काम न करण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे.

दसऱ्याला दिवाणजी दरबारात गुण वाचू लागले. “समई आठावर! घंगाळ सातावर! अडकित्तासुद्धा चढलाय, महाराज! एकही शब्द गळलेला नाही!”

दरबारी वाहवा करू लागले. महाराज मात्र हसले नाहीत.

“आमची जाहिरात कुठे आहे?”

“आहे, सरकार. जशीच्या तशी, मिशीसकट. आणि सगळ्यांत तिलाच दहापैकी दहा!”

“कोणत्या शब्दाखाली?”

“‘प्रचंडसेन महाराज’.”

महाराजांची कळी खुलली. “लोक फार शोधतात का आम्हाला?”

“एकच जण शोधतो, सरकार. रोज सकाळी, उठल्या उठल्या. आणि चित्र दिसलं रे दिसलं की टिचकी मारतो.”

महाराजांनी मांडीवरचा मोबाईल हळूच शेल्याखाली सरकवला.

“आणि त्या टिचकीचं नाणं?”

“आपल्याच खजिन्यातून, सरकार!”

“मग दहापैकी दहा कसे?”

“तिथे शोधणाऱ्याला हवं तेच मिळतं ना!”

महाराजांची मिशी थरथरली. मी डोळे मिटून घेतले. आणि ऐकते तर काय, हास्याचा गडगडाट!

“अगं, पण मग आम्ही स्वतःला बघायचं तरी कुठे?”

“आमच्या आळीतली पितळी परात घ्या, सरकार! चिंचेने घासली की लख्ख. दिवसभर बघत बसा, एक नाणं पडायचं नाही!”

महाराज हसता हसता सिंहासनावरून घसरले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून मला दिलं, भांडार कायमचं उघडं ठेवण्याचा हुकूम सोडला आणि मिशी मावेल एवढ्या परातीचं काम धोंडू तांबटाला दिलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबांनी कडं उलटसुलट करून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“हे सगळं तुझ्या डोक्यातून आलं?”

“हो, बाबा.”

“नीट आठव गं, पोरी. कुणाचं तरी डोकं परत द्यायचं राहिलं असेल!”