खालच्या ओळीचे दगड

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती आणि नद्या वाट्टेल तिकडून वाहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खरी नाही वाटली तर नका मानू, पण पुरती ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे माणूस गेला की त्याला गावाबाहेरच्या माळावर मातीत ठेवत आणि उशाशी एक दगड उभा करत. दगडावर त्याचं नाव, तो कुणाचा मुलगा, कुणाचा बाप, एवढं कोरलेलं असे. ज्याला मूलबाळ नसे त्याच्या दगडावर भावाबहिणीचं, भाच्यापुतण्याचं नाव घालत. कुणाचंच नाव एकटं ठेवायचं नाही, अशी तिथली रीत होती.

वर्षातून एकदा, पितरांच्या दिवशी, सगळं गाव माळावर जमे. जो तो आपापल्या माणसांची नावं मोठ्याने घेई आणि प्रत्येक नावाला ओंजळभर पाणी सोडी.

एका वर्षी काय झालं, गावचे पाटील मोठ्या थाटात पुढे आले. बापाचं नाव घेतलं. आजोबांचं, म्हणजे रायाजींचं घेतलं. आणि पुढे गप्प! ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं, तरी रायाजींच्या बापाचं नाव काही आठवेना. मागे कुणीतरी खोकलं. खोकला कसला, हसूच ते.

पाटील तोंड पाडून घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाव चावडीवर बोलावलं.

"काल माझी फजिती झाली, उद्या तुमची होईल," ते म्हणाले. "दगडांवरची अक्षरं आता नुसत्या डोळ्यांना लागत नाहीत, तेव्हा सगळी नावं कापडावर उतरवून घेऊ या. ज्याला वाटेल त्याने यावं, कुणावर जबरदस्ती नाही."

लोक हौसेने आले. कुंभाराने गेरू दिला, कोष्ट्याने आपल्या मागावरचं कापड दिलं. काम सोपं होतं. ओलं कापड दगडावर थापून बसवायचं आणि त्यावरून गेरूची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवायची. कापड तांबडं होई आणि खोलातली अक्षरं तेवढी पांढरी राहत.

पण माणसाचा स्वभाव बघा! जो तो धावला आपल्याच आजोबाकडे. माळाच्या वरच्या ओळी बघता बघता वाटल्या गेल्या. खाली, ओढ्याच्या बाजूला, मूलबाळ नसलेल्यांचे दगड होते. तिकडे कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नव्हतं. ते बिचारे अर्धे मातीत रुतलेले, अंगावर दगडफुलाचे पापुद्रे.

"आणि ते कुणाचे?" कोष्ट्याने विचारलं.

"कुणाचेच नाहीत," पाटील म्हणाले. "त्यांची नावं उतरवून दाखवायची कुणाला? उगाच गेरू वाया घालवू नका."

हा कोष्टी आणि त्याची बायको तरुणपणी दूरच्या मुलुखातून येऊन गावात राहिली होती. आता दोघंही म्हातारी झाली होती. पोटी मूल नाही, जवळ भाऊबंद नाहीत.

कोष्टीण नवऱ्याला म्हणाली, "अहो, चला, आपण खालच्या ओळीत जाऊ."

"अगं, तिथे आपलं कोण आहे?"

"मग वर तरी कोण आहे? उद्या आपणही खालच्याच ओळीत जाणार. आपलं नाव घेऊन पाणी कोण सोडणार, ह्या विचाराने कधीकधी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांना काय वाटत असेल हो?"

कोष्ट्याने कापडाचा तागा खांद्यावर टाकला आणि तो निघाला.

इकडे वर निराळाच घोळ झाला होता. लोकांनी कापडं थापली, गेरू फिरवला, तर कापड सगळं सरसकट तांबडं! पांढरी रेघसुद्धा उठेना. पुन्हा भिजवलं, पुन्हा थापलं, पण व्यर्थ.

का म्हणाल, तर ह्या गावची माणसं भारी मायाळू. दर अमावास्येला आपापल्या पितरांचे दगड चिंच आणि काथ्या घेऊन घासायची, देवघरातली भांडी घासतात ना, अगदी तशी. पाटलीणबाई त्यात सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या घरचे दगड लांबून लखलखत. पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून त्या मायेनेच अक्षरं खाऊन टाकली होती. जी नावं जपायची, तीच ह्या शहाण्यांनी आपल्या हाताने पुसली होती.

पाटील दगडापाशी मटकन खाली बसले. "झालं! रायाजींचा बाप कोण, ते आता कोण सांगणार?"

तेवढ्यात खालून कोष्टिणीची हाक आली. "अहो पाटील, लवकर या! हे तुमचंच दिसतंय!"

तिने एका दगडावर ओलं फडकं ठेवून दगडफूल मऊ केलं होतं आणि बोटाने हळूच सोडवलं होतं. खाली अक्षरं अशी ठसठशीत की जणू कालच कोरलीत. कुणी फिरकलंच नव्हतं, मग घासणार कोण? कोष्ट्याने तांबडं कापड उचलून पाटलांपुढे धरलं. त्यावर उमटलं होतं:

'गोजरा. हैबती पाटलाची बहीण, रायाजीची आत्या. भाऊ-भावजय तापात गेल्यावर तान्ह्या रायाजीला हिने वाढवलं.'

पाटलांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. "हैबती," ते पुटपुटले. "हैबती!" मग त्यांचे डोळे वाहू लागले. "हिने त्या पोराला जवळ केलं नसतं, तर मी कुठला? आणि हिच्या दगडावर आम्ही कधी पाण्याचा थेंब टाकला नाही. वर मीच म्हणालो, कुणाचीच नाही!"

पाटलीणबाईंनाही गहिवरून आलं. त्या धावतच चिंच आणि काथ्या घेऊन आल्या. "थांबा आत्याबाई, तुम्हाला आत्ता लखलखीत करते!"

कोष्टिणीने त्यांचा हातच धरला. "पाटलीणबाई, पाया पडते तुमच्या, घासू नका! पाणी सोडा, फूल ठेवा, पण तो काथ्या आधी फेका!"

रडता रडता सगळ्यांना हसू फुटलं.

मग काय, अख्खं गाव खालच्या ओळीकडे पळालं. कुणाला तिथे चुलता सापडला, कुणाला मावशी. त्यांच्या दगडांवर कुणाचा भाऊ, कुणाची बहीण, हे कोरलेलंच होतं, त्यामुळे वर पुसली गेलेली नावं खाली मिळाली. सगळी नाही मिळाली, पण बरीच मिळाली.

पुढल्या पितरांच्या दिवशी पाटलांनी हैबतीचं नाव घेतलं आणि त्याच्या पाठोपाठ गोजरेचं. मग ते कोष्ट्याकडे वळले.

"काका, तुमच्या माणसांची नावं सांगा."

कोष्ट्याने आणि कोष्टिणीने चाचरत आपल्या आईबापांची नावं सांगितली. सगळ्या गावाने ती मोठ्याने घेतली आणि ओंजळी सोडल्या.

"आणि काकू," पाटील म्हणाले, "आपल्यामागे कोण, असं पुन्हा मनात आणू नका. आम्ही आहोत."

कोष्टिणीने पदराने डोळे पुसले. घरी जाऊन ती पोटभर जेवली आणि तिने नवऱ्यालाही आग्रह करकरून वाढलं.

तेव्हापासून गावाने एक नियम केला. माळावर नावं उतरवायला येणाऱ्याने पहिलं कापड परक्याच्या दगडावर थापायचं, आपला आजोबा मागून. काथ्या मात्र माळावर कुणी आणायचा नाही.

काही वर्षांनी कोष्टी गेला आणि पाठोपाठ कोष्टीणही गेली. नाव एकटं ठेवायचं नाही ही गावची रीत, तेव्हा त्यांच्या दगडावर कुणाचं नाव घालायचं? प्रत्येक घर म्हणे, आमचं घाला. एवढी नावं एका दगडावर मावतात होय? चांगलाच वाद झाला. शेवटी पाटलांनीच तोड काढली. गोजरेच्या शेजारी नवा दगड उभा राहिला. त्यावर कोरलं होतं:

'लिंबाजी आणि अनसा. ह्या गावाचे काका-काकू.'

दर वर्षी पितरांच्या दिवशी पहिली ओंजळ तिथे पडते, आणि ती सोडायला सगळं गाव रांग लावतं.

तात्पर्य: ज्याचं नाव घ्यायला कुणी नाही त्याचं नाव जो घेतो, त्याचं नाव घ्यायला माणसं कधी कमी पडत नाहीत.