अंगणातला वळसा

"भन्ते, मला दुसरी कुटी मिळेल का?"

म्हातारे भन्ते नंदसार आपलं भिक्षापात्र पुसत होते. तरुणपणी त्यांनी बरीच वर्षं नागपूरच्या एका विहारात काढली होती. त्यामुळे श्रीलंकेच्या रानातल्या या आश्रमातही त्यांची मराठी अस्सल नागपुरी होती.

"हिले काय झालं?"

"ओल फार आहे."

"ओल तर माह्या कुटीतही हाये."

दौलत गजभिये सर तिथंच घुटमळले. खांद्याला सगळं सामान भरलेली पिशवी होती आणि सदऱ्याच्या खिशातून पासपोर्ट डोकावत होता. नुसती कुटी बदलायला निघालेला माणूस पासपोर्ट हाताशी ठेवत नाही, हे भन्तेंना कळत होतं.

सरांचं भयमुक्तीवरचं व्याख्यान विदर्भातल्या कितीतरी विहारांत गाजलं होतं. हेडमास्तरकीतून निवृत्त होऊन ते पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहण्याच्या वर्षावासासाठी इकडे निघाले, तेव्हा लोकांनी हार घालून निरोप दिला होता. आता मधूनच परत जायचं, तर त्या लोकांना तोंड कसं दाखवायचं? आणि राहायचं, तर झोप कुठून आणायची?

"साप आहे, भन्ते," ते अखेर म्हणाले.

"तू पायला?"

"नाही... खाटेखाली कात सापडली होती. जुनी असेल म्हणून मनाची समजूत घातली. पण आज सकाळी अंगणात..."

"काय?"

"माग. थेट दारापर्यंत."

भन्तेंनी पात्र बाजूला ठेवलं.

"चाल, दाखव."

आश्रमाचा रिवाज असा, की रोज संध्याकाळी ज्यानं त्यानं आपल्या कुटीपुढची वाळू खराट्यानं झाडून ठेवायची. सरांनी ती इमानेइतबारे झाडली होती. त्यामुळेच रात्री उमटलेला माग आता लख्ख दिसत होता. मनगटाएवढी जाड, नागमोडी रेघ.

सर कडेलाच थांबले.

भन्तेंनी वाळूकडे पाहिलं. मग सरांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"तुह्या पायाचे ठसे कुठं हायेत? दारातून तर कोणी निघालंच नाही."

"मी खिडकीतून आलो," सर हळूच म्हणाले.

भन्ते हसले नाहीत. ते रेघेशेजारी उकिडवे बसले आणि बोट वाळूच्या वरून फिरवू लागले.

"इकडून आला... सरळ... सरळ... अन् इथं थांबला."

तिथं वाळू विस्कटली होती. तिथून रेघ एकदम आडवी झाली होती. मोठा वळसा घेऊन, खडीवरून, काटेरी झुडपाच्या बुडातून ती पलीकडच्या रानात गेली होती.

"एवढा वळसा कायले घातला असन?"

सरांनी मान लांब करून पाहिलं. रेघ जिथं थबकली होती, त्याच्या समोरच पायरीखाली त्यांच्याच चपला होत्या.

"चपलांमुळे?"

"काट्यातून गेला, पण जवळ नाही आला."

"पण मी तर आत होतो, भन्ते. दार लावून."

भन्ते उठले, एक चप्पल उचलली, डोळ्यांजवळ नेऊन आत नीट पाहिलं. उलटी केली, दोनदा झटकली. मग होती तिथं ठेवून दिली.

"यात तर कोणीच नाही," ते म्हणाले.

...

सर आधी नुसते बघत राहिले. मग पोटातून हसू आलं आणि आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. इतक्या दिवसांत असं मोकळं त्यांना वाटलंच नव्हतं. समोर वाळूवर एक रिकामी रेघ होती, बस.

ते वाळू तुडवत, रेघ ओलांडून सरळ पायरीपर्यंत गेले आणि पिशवी खाली ठेवली.

"राहतो मी, भन्ते. व्याख्यान मात्र नव्यानं लिहावं लागेल."

"लिही."

"आणि रात्रीची काय काळजी घेऊ?"

भन्ते आपल्या कुटीकडे वळले होते. ते थांबले, पण मागे पाहिलं नाही.

"आज चपला आत घेजो. तो बिचारा धसक्यानं अजून झोपला नसन."