सुलट कोरलेला ठसा

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा चित्र हवं असेल तर ते कापडावर छापून घ्यावं लागे, आणि छापायला लाकडी ठसा लागे.

एका राज्यात, नदीच्या काठाला, ठसे कोरणाऱ्यांचं गाव होतं. त्या गावात एक बाई होती. तिनं कोरलेल्या कणसावर चिमण्या चोच मारायला येतात, असं लोक थट्टेनं म्हणत.

ठसा लाकडावर उलटा कोरायचा असतो. लाकडावर जे उजवीकडे, ते कापडावर डावीकडे उठतं. त्या गावात हे शिकवावं लागत नसे. पोहणाऱ्याला पाणी कळावं तसं ते कळत असे.

एके दिवशी राजधानीतून एक भांडारी आला. पारावर बसला आणि गुळाच्या पाकासारख्या आवाजात म्हणाला, "ठसा विकलात तर एकदाच दाम मिळेल. त्यापेक्षा माझ्या भांडारात ठेवा. ज्याला हवा तो छापून नेईल, आणि दर छापेमागे तुमच्या घरी मूठभर धान्य येईल. एकदा कोरा, जन्मभर खा!"

शेजारची रंगारीण कोपरापर्यंत निळीनं माखलेली होती. ती म्हणाली, "जन्मभर म्हणजे कुणाच्या हो? आमच्या की तुमच्या?"

सगळे हसले. भांडारीही हसला. आणि नावं लिहायला त्यानं वही उघडली.

बाई हसली नाही. बारीक कोरणाऱ्याचे डोळे लवकर जातात. तिच्या बापाचे गेले होते, आजाचेही गेले होते. तिच्या मनात एकच हिशेब होता: डोळे आहेत तोवर आपण कोरायचं, डोळे गेले की ठशांनी आपल्याला खाऊ घालायचं. ह्यात हाव कुठे होती?

मग गावानं आपले ठसे भांडारात ठेवले, आणि तिनंही वीस वर्षं कोरलं. हलवायासाठी लाडवांची परात कोरली, वैद्यासाठी तुळस, बारशासाठी पाळणा, लग्नासाठी तोरण, अंगरख्यांसाठी वेलबुट्टी. कुणाला कधी काय लागेल, ह्याचा विचार करकरून कोरलं. आणि एक गणपती कोरला, डाव्या सोंडेचा, घरातल्या माणसासारखा बसलेला.

सुरुवातीला धान्य आलं. मग मुठीची अर्धी मूठ झाली. भांडारी म्हणाला, रस्ते वाईट आहेत. मग अर्ध्या मुठीची चिमूट झाली. भांडारी म्हणाला, उंदीर फार झालेत. ह्या काळात भांडाराला तीन नवे मजले चढले. ते उंदरांनी बांधले असावेत.

शेवटी बाईच्या डोळ्यांपुढे धुकं आलं ते कायमचं. आणि नेमकं त्याच वर्षी धान्य बंद झालं. भांडाऱ्याचा निरोप आला: "आजी, तुझे ठसे आता कुणी घेत नाही. जुने झाले."

बाईला उपासापेक्षा ह्या निरोपाची लाज वाटली. ती तीन वर्षं रंगारणीच्या भाकरीवर जगली, आणि आपण वाईट कोरत होतो असं स्वतःला समजावत राहिली. लुबाडणारा धान्य नेतो ते नेतोच, वर लुबाडलेल्यालाच खाली मान घालायला लावतो.

चौथ्या वर्षी राजानं हुकूम काढला, गणेशोत्सवाला प्रत्येक दारावर गणपतीचं कापड लागलं पाहिजे. भांडाऱ्यानं रात्रंदिवस छापखाना चालवला. कापडं घरोघर गेली आणि राज्यभर हाहाकार उडाला. दारोदारचा गणपती उजव्या सोंडेचा होता!

आता उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळं. त्याच्या पूजेत जराही चूक चालत नाही. लोकांनी तो दारावर लावून ठेवलेला. खाली कोंबड्या फिरतायत, वर चपला टांगल्यायत. चांभारापासून सरदारापर्यंत सगळ्यांची झोप उडाली.

राजानं भांडाऱ्याला उभं केलं. भांडाऱ्यानं मान झुकवली, जीभ नाही झुकवली.

"महाराज, माझा काय दोष? ठसा नदीकाठच्या म्हातारीचा आहे. वहीत तिचंच नाव आहे. आंधळी झाली, चुकीचं कोरून बसली!"

दोन शिपाई आले आणि म्हातारीला घेऊन गेले. रंगारीण मागोमाग निघाली. शिपाई म्हणाला, "तुला कुणी बोलावलंय?" ती म्हणाली, "तुला तरी कुणी बोलावलं होतं? चल पुढं."

दरबारात राजा म्हणाला, "आजीबाई, तुमच्या ठशानं राज्याला घोर लावला. त्याची शिक्षा मोठी आहे. काही सांगायचंय?"

बाई हळूच म्हणाली, "माझा ठसा प्रत्येक दारावर उठला, महाराज?"

"प्रत्येक."

"पण भांडारी तर म्हणाले होते, माझे ठसे कुणी घेत नाही."

मागून रंगारीण म्हणाली, "विचार, अक्का, विचार! आज लाजू नको."

बाईनं मान वर केली. "ठसा माझा असेल, तर माझ्या मुठी कुठं आहेत? आणि माझा नसेल, तर मला इथं कशाला उभं केलंय?"

राजानं ठसा आणवला आणि तिच्या हातात दिला. बाईनं त्यावरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती हसली.

"महाराज, ह्या लाकडावर सोंड डावी आहे. म्हणून कापडावर उजवी उठली. कोरणारा कधी सुलट कोरत नाही. कुणीतरी छापलेलं कापड समोर ठेवलं आणि दिसलं तसं लाकडावर उतरवलं. ही नक्कल आहे, आणि ज्याला ठसा म्हणजे काय तेही ठाऊक नाही, अशा माणसाची."

"मग तुमचा ठसा कुठे आहे?"

शिपाई भांडारात धावले. अडगळीत, फुटक्या रांजणामागे तो सापडला. बाईनं त्यालाही हात लावला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुकुटाचे मणी सपाट झाले होते, सोंडेची वळणं गुळगुळीत झाली होती.

"कुणी घेत नव्हतं ना?" ती म्हणाली. "मग न वापरता लाकूड एवढं झिजलं कसं?"

भांडाऱ्याची लबाडी आता शेंबड्या पोरालाही कळली असती. ठसा हजारो छापांनी झिजला होता. गावाकडून नवा मागितला असता तर खोटं उघडं पडून बाईला तिची मूठ द्यावी लागली असती. म्हणून त्यानं चोरून नक्कल करवली होती. आणि दरबारातले शहाणे? तिचीच वेलबुट्टी अंगरख्यावर मिरवत ते इतकी वर्षं बसले होते. ही कुणी कोरली, ती जेवली का, असं एकानंही विचारलं नव्हतं. आता सगळे आपापल्या बाह्यांकडे बघू लागले.

राजा वरमला. म्हणाला, "आठ दिवसांत डाव्या सोंडेचा नवा ठसा हवा. तुमचं गाव कोरून देईल?"

"देईल," बाई म्हणाली. "पण आधी भांडाराची किल्ली गावाकडं द्या."

किल्ली द्यावी लागली. आठव्या दिवशी प्रत्येक दारावरचं कापड बदललं.

भांडाऱ्याला फाशी झाली नाही. त्याला त्याहून योग्य काम मिळालं. बुडवलेल्या प्रत्येक मुठीचं धान्य त्यानं स्वतःच्या डोक्यावरून, एकेका कोरणाऱ्याच्या दारात पोचवायचं. रस्ते खरंच वाईट होते. ते त्याला पहिल्यांदाच कळलं.

बाईच्या दारात तो पोतं टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या, आजी. मोजून आणलंय."

बाईनं पोत्यात हात घातला, मूठ भरली, बोटांनी दाबून पाहिली.

"थांब," ती म्हणाली. "तुझ्या मोजण्यावर आता कुणी जात नाही. रंगारणीला येऊ दे."

आणि तो उन्हात उभा राहिला.

तात्पर्य: दुसऱ्याची कला चोरून विकता येते, पण जी आपल्याला कळत नाही तीच कला शेवटी चोराला चारचौघांत उघडं पाडते.